गुलाबरावांच्या खुर्च्या

गुलाबराव खुर्चीवर बसत नसत. आमच्याकडे आले की थेट दारातल्या पायरीवर बसायचे. मी खुर्ची पुढे केली तर ती अलगद बाजूला सारून म्हणायचे, "राहू द्या बाई, मले अशीच सवय हाय." पांढरकवड्याच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतील. गुडघे दुखणारा माणूस पायरीवर बसत नाही एवढं साधं गणित मला, गणिताच्या बाईला, बरेच दिवस सुचलं नाही.

मग हळूहळू गावभर मला एकच खुर्ची दिसू लागली. हायवेवरच्या चहावाल्याकडे, न्हाव्याच्या दुकानात, ट्रकच्या गॅरेजमध्ये. प्लास्टिकची, पाठीवर रंग उडत चाललेलं लाल गुलाबाचं फूल आणि खाली अक्षरं, 'गुलाब बिछायत केंद्र'. चहावाल्या रमेशला विचारलं तर तो म्हणाला, "लिलावातल्या हायेत. गुलाबभाऊचं दिवाळं निघालंतं न." मग आवाज खाली आणून, "गोडाऊन सोतानंच जाळलंतं म्हन्तात, विम्यासाठी."

खरं काय ते मला त्यांच्या बायकोनं, विमलवहिनींनी सांगितलं. बिछायत म्हणजे मांडव, गाद्या, खुर्च्या भाड्यानं देण्याचा धंदा, आणि एकेकाळी तालुक्यातलं कुठलंही लग्न गुलाबरावांच्या मांडवाशिवाय लागत नसे. एका रात्री गोदामाला आग लागली आणि कनाती, गाद्या, सतरंज्या सगळं खाक झालं. खुर्च्या आणि भांडी मात्र वाचली, कारण ती सगळी त्या दिवशी झरी जामणीकडच्या एका लग्नात गेली होती. नेमकं हेच अंगाशी आलं. लग्नवाल्यांनी मागवल्या होत्या पन्नास खुर्च्या आणि यांनी पाठवल्या होत्या दोनशे. चांगला माल आधी हलवला आणि मग काडी लावली, असं म्हणून विमावाल्यांनी दावा फेटाळला. बँकेचे हप्ते थकले, यवतमाळच्या कोर्टानं गुलाबरावांना नादार ठरवलं आणि खुर्च्यांचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्याही घेतल्या आणि संशयही ठेवून घेतला.

"बाई," ते एकदा पायरीवरून म्हणाले, "त्या खुर्च्या वाचल्या म्हनून मी चोर ठरलो. मंग कोन्त्याबी खुर्चीवर कसा बसू?"

विमावाल्यांविरुद्ध त्यांनी तेव्हाच ग्राहक मंचात तक्रार केली होती, पण वकिलानं मध्येच अंग काढून घेतलं आणि ती तशीच पडून राहिली. मग नागपूरहून एक टायवाला तरुण उगवला. त्याची कंपनी असे रखडलेले दावे लढवून द्यायची आणि मिळेल त्यातला वाटा घ्यायची. मला त्याचा पहिल्या दिवशीच राग आला. इतक्या उन्हात टाय लावणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे. पण पोरगा सरळ निघाला. त्यानं आधीच सांगून टाकलं, "काका, दावा नादारीच्या आधीचा आहे. आमचा वाटा गेला की उरलेले पैसे कोर्टामार्फत तुमच्या जुन्या देण्यात जातील. तुमच्या हाती काही येईल असं धरून चालू नका. मग कशाला एवढी धावपळ?"

गुलाबराव म्हणाले, "पैशे ज्याचे त्याले जाऊ द्या. म्या आग नाई लावली, एवढं कोनी खुर्चीवर बसून सांगतलं पाह्यजे."

सुनावणीला मीही त्यांच्यासोबत एसटीनं यवतमाळला गेले. समोरच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं, पन्नास मागवल्या असताना दोनशे का पाठवल्या? गुलाबराव जराही गडबडले नाहीत. "साहेब, पोरीचा बाप लाजून कमीच सांगते. मोजून देल्ल्या अन् पाव्हने उभे राह्यले, तं नाक त्याचं कटते. मांडवात मांगची रांग रिकामी दिसली पाह्यजे, तवा घरवाल्याचा जीव शांत राह्यते. मांगतलं तेवढंच देल्लं तं मंग मी कायचा बिछायतवाला?"

वकील हसला. त्याला ते पटलं नव्हतं. पण टायवाल्यानं उन्हाळाभर मोटारसायकलवर गावोगाव फिरून जुनी लग्नघरं शोधली होती. सगळ्यांना एकच प्रश्न, किती सांगितल्या आणि किती आल्या? एकामागून एक माणसं उभी राहिली आणि तेच सांगत गेली. सगळ्यात शेवटी झरी जामणीकडची ती नवरी उठली. आता तिचीच मुलगी शाळेत जात होती. "बाबाजवळ पैशे पन्नासचेच होते," ती म्हणाली. "पन माह्या लग्नात कोनी उभं नाई राह्यलं. गुलाबभाऊनं वरचे पैशेबी नाई घेतले." गुलाबराव खाली मान घालून ऐकत होते. स्वतःची स्तुती ऐकण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आग विजेच्या तारेनं लागली, गुलाबरावांवर संशय घ्यायला जागा नाही, असं ग्राहक मंचानं स्पष्ट म्हटलं. पैसे आले आणि ठरल्याप्रमाणे गेले. टायवाल्याच्या कंपनीचा वाटा, मग बँक, मग कनातींचं कापड उधार देणारा यवतमाळचा कापडवाला. वहिनी थोड्या हिरमुसल्या, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आले. पायरीपाशी थांबले, चप्पल काढली आणि आत येऊन म्हणाले, "बाई, खुर्ची हाय का?"

मी दिली. ते बसले, नीट पाठ टेकून. मला भरून आलं. डोळे दिसू नयेत म्हणून मी चहा ठेवायला आत गेले आणि त्यात दोनदा साखर घातली. ते तो पाक शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बुद्धविहारासमोरच्या मैदानात होता. वहिनींनी हात राखून पन्नासच खुर्च्या सांगितल्या होत्या. मांडव लागत होता तेवढ्यात रमेश डोक्यावर चार खुर्च्या घेऊन आला. मग न्हावी सायकलला बांधून घेऊन आला, गॅरेजवाल्यानं ऑटो भरून पाठवल्या. सगळ्यांच्या पाठीवर तो फिकटलेला गुलाब. कोणीही मागितल्या नव्हत्या. "वयनी, कमी नाई पडाच्या," रमेश म्हणाला, आणि या वेळी त्यानं आवाज खाली आणला नाही.

माणसं खूप आली, शेजारच्या गावांतूनही आली. तरी मागची रांग शेवटपर्यंत रिकामीच राहिली.