चार वाजताची तपासणी

कप्तानसाहेबांनी दिलेला शब्द आणि केलेली सही आयुष्यात कधी मागे घेतली नाही, असं आमच्या गल्लीत सगळेच सांगायचे. कौतुकाने की धास्तीने, ते सांगणाऱ्यावर होतं. एकदा त्यांनी पाडव्यापर्यंत गल्लीला नळ येईल म्हणून जाहीर केलं. पाडवा आला, नळ आला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःची बैलगाडी, वर पाण्याची टाकी ठेवून, गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली आणि नळ येईपर्यंत अकरा दिवस हलू दिली नाही. बायकांनी घागरी भरल्या आणि आपसात हसून घेतलं. मीही हसले होते. माणूस हट्टी आहे, एवढंच मला तेव्हा कळलं होतं.

इतवारीत त्यांचं सुताचं मोठं दुकान होतं. इंग्रजांच्या काळात, लढाई चालू असताना, शहरातल्या शेठ-वकिलांची एक हौशी पलटण उभी राहिली होती, तिचे हे कप्तान. गोळी कधी झाडली नाही, पण खाकी कोट, घोडा, शिट्टी, सगळा थाट होता. शहराच्या कमिटीवरही ते तेव्हाच निवडून आले. बेचाळीसच्या चळवळीत ते त्याच खाकी कोटात इंग्रजांच्या बाजूने चौकात उभे होते, हे आमच्या काही म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत मनात ठेवलं. मग स्वातंत्र्य आलं, पलटण मोडली, घोडा गेला. कप्तान मात्र कप्तानच राहिले. मी सांगते आहे तो काळ एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटचा. पंच्याहत्तरी गाठली होती, तरी ते रस्त्याने निघाले की माणसं आपोआप बाजूला होत. “पलटणीत चुकीले माफी नाही,” ते म्हणायचे, “अन् कप्तान तं चुकतच नाही.” हे ते हसत म्हणत नसत.

आमची गल्ली विणकरांची. विणायला बसण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावून ते कडक करावं लागतं. त्याला पाजणी म्हणतात. घरात तेवढी लांब जागा कुठली? म्हणून ऊन चढायच्या आत गल्लीतच ताणा लावायचा आणि घरची, शेजारची माणसं कुंचे घेऊन दोन्ही बाजूंनी भिडायची. एकदा खळ लागली की थांबायचं नाही. थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. तेवढ्या वेळात गल्लीत सायकलसुद्धा शिरत नसे. नऊच्या सुमाराला आवरून सगळे मागावर बसले, की दिवसभर गल्ली रिकामी.

मी मॅट्रिक होऊन एका सरकारी कचेरीत टायपिस्ट लागले होते. एक दिवस माझ्या टेबलावर टाइप करायला नोटीस आली ती आमच्याच गल्लीची. गल्ली जुन्या ठरावाने गाडीरस्ता आहे, पलीकडच्या नव्या गोदामांचे ट्रक तिथून जाणार, तरी सकाळचा अडथळा कायमचा बंद करावा. हरकत असल्यास पंधरा दिवसांत सुनावणी. सोबत, त्या ठरावाचा आधार म्हणून, पंचवीसएक वर्षांपूर्वीचा तपासणीचा कागद होता. ‘गल्ली समक्ष पाहिली. पूर्ण मोकळी आहे. कोणाच्याही वापरात नाही. वेळ दुपारी चार.’ खाली कप्तानसाहेबांची सही, हुद्द्यासकट.

पाजणी बंद म्हणजे बाबांचा माग बंद, आणि गल्लीतला प्रत्येक माग बंद. मी त्या नोटिशीत तीन चुका केल्या, बोलणी खाल्ली आणि कचेरी सुटल्यावर तडक दुकानात गेले. माझा स्वभाव तेव्हाही तिखटच होता.

“कप्तानसाहेब, त्या कागदावरची सही तुमची आहे का?”

“माहीच आहे.”

“अन् गल्ली मोकळी होती?”

“चार वाजता मोकळीच होती.”

“सकाळी आले होते का तुम्ही?”

त्यांनी हातातली सुताची लड खाली ठेवली. “लिहून दिलं ते दिलं, पोरी. त्याच कामावर कमिटीनं मले अध्यक्ष केलं. आता म्हातारपणी लोकांले सांगू का, कप्तान खोटा होता म्हणून?”

“मंग आम्ही काय करावं?”

“वकील करा,” ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी बाबा माझ्यावरच चिडले. “काहून गेली वं तू तिथं? सूत त्यायच्याच दुकानातून येते. उद्या त्यायनं देणं बंद केलं तं?” ते खरंही होतं. त्यात बातमी आली की गोदामवाल्यांच्या वकिलाने सही पटवायला कप्तानसाहेबांनाच साक्षीला बोलावलं आहे. बाबा त्या दिवसांत जेवताना मान वर करत नव्हते.

सुनावणीच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला, कप्तानसाहेब गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आमचाच ताणा लागला होता. कोणी त्यांच्याशी बोललं नाही, आणि बोलायला सवडही नव्हती. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या टोकाची दोरी खुंटीवरून निसटली. ओला ताणा धुळीकडे झुकू लागला. बाबा मध्यावर, दोन्ही हात खळीत. कप्तानसाहेबांनी काठी टाकली आणि टोकाचा बांबू दोन्ही हातांनी धरला.

“ओढा, कप्तानसाहेब,” बाबा ओरडले. “ढील देऊ नका.”

त्यांना हुकूम देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. शेजारच्याने दोरी परत बांधायला घेतली, पण ती जुनी, बांधतानाच तुटली. दुसरी मिळून बसेपर्यंत ते बांबू धरून उभे राहिले. पांढरा कोट खळीने भरला होता. जन्मभर सूत विकलं त्यांनी, पण ओल्या ताण्याचं ओझं हातांना आजच कळत होतं.

हात मोकळे झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, “रोजच असं राहते?”

“माह्या बापाच्याही आधीपासून,” बाबा म्हणाले.

त्यांनी काठी उचलली आणि गेले. काय ठरवलं, ते कोणाला कळलं नाही.

सुनावणीला जबान्या टाइप करायला मीच बसले होते, दुसरी टायपिस्ट रजेवर होती म्हणून. बाबा आणि गल्लीतली माणसं मागे भिंतीला टेकून उभी. वकिलाने कागद पुढे केला.

“ही सही आपली?”

“माही.”

“आणि मजकूर?”

त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“मजकूर खोटा आहे.”

अधिकारी पुढे झुकले. “जपून बोला. हे नोंदलं जाईल.”

“नोंदवा ना. मी गल्लीत शिरलोच नाही. घोड्यावरून तोंडाशी आलो, आत पाह्यलं अन् गेलो. एका विणकरानं माह्या घोड्याचा लगाम धरून सांगितलं होतं, साहेब, सकाळी या. तो या पोरीचा आजा. मी म्हटलं, कप्तानले वेळ शिकवतं का? अन् सही ठोकली.”

आजोबांनी हे घरात कधी काढलं नव्हतं. मागे बाबा उभे होते, त्यांच्याकडे पाहायचं मला धैर्य झालं नाही. मी टाइप करत गेले. ‘खोटा’ या शब्दाशी आल्यावर माझ्या हातून तो शब्द उमटेना, म्हणून मी ‘चुकीचा’ असं टाइप केलं. सहीसाठी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून ओळन् ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

“खोटा म्हटलं मी. नीट टाइप कर.”

मी रडत पुन्हा टाइप केलं. त्यांनी सही केली, या वेळी हुद्द्याशिवाय.

नोटीस रद्द झाली. व्यापाऱ्यांनी त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार ठरवला होता, तो बारगळला. ज्या वाचनालयाच्या मंडळावर ते होते, त्याने त्यांना बैठकीचे निरोप पाठवणं सोडलं. दुकान मुलाने हातात घेतलं. रस्त्याने ते दिसले की माणसं अजूनही बाजूला होत, पण आता ती दुसरीकडे पाहण्यासाठी.

आणि पाच-सहा वर्षांत आमच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले. यंत्रमागाच्या साड्या आल्या, पोरं गिरणीत, कारखान्यात लागली. बाबांनीही माग मोडला. पाजणी संपली. मी कप्तानसाहेबांना भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, “कप्तानसाहेब, उगाचच गेलं ना तुमचं नाव? आता तिथं कोणीच ताणा लावत नाही.”



“त्या गल्लीत तुम्ही ताणा लावा, नाही तं खाट टाका,” ते म्हणाले. “माणसं राहत होती तिथं. अन् मी लिहिलं होतं, तिथं कोणीच नाही म्हणून.”