झुंबरबाईच्या आखाड्याची तपासणी

पौषातली थंडी. दवानं तूर ओलीगच्च झालेली. वाटूरजवळ ओढ्याकाठी, शेतातच झुंबरबाईचं घर. सगळे त्याला आखाडा म्हणतात. तांबडं फुटताच ती विळा घेऊन निघाली. तूर दवातच कापावी, ऊन चढलं की शेंगा तडकतात.

"माय, तू जा. पाणी मी तापवतो," कल्याण म्हणाला.

कल्याण तिचा एकुलता एक लेक. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कारकून. पावसाळ्यात ओढ्याला पूर आल्ता, चार दिवस वाट बंद. तेव्हापासून त्याचा एकच घोशा: शेत बटईनं द्यायचं अन् मायनं जालन्याला यायचं. काल तो कागदावर प्रश्नच लिहून आल्ता. आखाडा एकटीनं राहण्याजोगा आहे का? एक जरी 'नाही' निघालं तर सामान बांधायचं.

"तपास की! मी काय भिते?" झुंबरबाई म्हणाली होती.

"पाणी?"

तिनं पोहऱ्याचा दोर पुढं टाकला. दरसाल वैशाखात विहिरीचं पाणी जिथवर खोल जाईल, तिथं ती दोराला गाठ मारते. "शेवटची गाठ बघ. तिच्याफुडं आजून दोर हाय, अन् दोराफुडं पाणी."

"धान्य?"

"कणगीत वर्षाची जवारी हाय. जळण म्हणशील तर पऱ्हाट्याची गंज बघ. अन् उजेड मला कशाला? मी काय पेपर वाचून राह्यले? आता तुझं घर तपासू. नळ कवा येतो?"

"आठ दिवसाला."

"लाईट गेल्यावर टाकीत पाणी चढतं?"

"न्हाई."

"मंग सामान कोनं बांधायचं? तू का मी?"

कल्याण हसला, पण कागद मिटला नाही. "तू आजारी पडलीस तर कळंल कुणाला?"

"मालनला."

"वढ्यापल्याडच्या? तिच्याकडं तर फोनच न्हाई."

"लागत न्हाई फोन."

कल्याणनं सरळ 'नाही' लिहून टाकलं.

आता सकाळी त्यानं दिवाळीत आणलेला गॅस पेटवला. पाणी तापलं, चहा झाला. माय डोक्याएवढ्या तुरीत दिसेनाशी झालेली.

तेवढ्यात ओढ्याच्या पाण्यातून मालनबाई धावत आली. लुगडं खोचलेलं, हातात मेंढरं हाकायची काठी.

"झुंबरेऽ! जित्ती हाईस का गेलीस?"

कल्याण कप घेऊनच बाहेर आला. "काय झालं मावशी?"

"धूर कुठंय? दिवस कासराभर वर आला, चुलीचा धूर न्हाई! तिचा न्हाई दिसला तर म्या यायचं, माझा न्हाई दिसला तर तिनं. पुरातबी रोज धूर बघून मंगच मी भाकरी खाल्ली."

कल्याणनं मागं वळून गॅसकडं पाहिलं.

तुरीतून झुंबरबाई आली. "कशाचा कालवा गं?"

"मेली न्हाईस तर चूल का पेटवली न्हाईस, भवाने?"

झुंबरबाईला सगळं उमगलं. ती लेकाकडं वळली. "काढ तुझा कागद. काय लिवलंस ते खोड."

त्यानं खोडलं.

"आता मावशीला चहा दे. अन् आधी चूल पेटव, न्हाईतर हिची सूनबी येईल काठी घेऊन. माझ्या दोन ओळी राह्यल्यात, दव उडून चाललंय."

आणि विळा सावरत ती पुन्हा तुरीत शिरली.