परवानगी न घेतलेला फोटो

अंबत्तूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कान किती गेलेत, हा विषय चारुलतानं घेतला तो वडिलांमुळे. बालाजीराव तिथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, होते, आणि घरातला टीव्ही खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. चारुलता मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात दरवर्षी विद्यार्थ्यांची संशोधन परिषद भरे, आणि २००६च्या परिषदेत आपला निबंध हवाच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पण तपासणीला कोणी येईना. कान गेलेत असं कळलं की मशीनवरून काढतील, ही सगळ्यांची भीती. शेवटी बालाजीरावांनी प्रतापसिंहांना गळ घातली. दोघंही तंजावरकडचे मराठी, एकाच वेळी कारखान्यात लागलेले. प्रतापसिंह प्रेसवर पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढत. तरुणपणी त्याच प्रेसनं त्यांच्या तर्जनीचं पुढचं पेर नेलं होतं, तरी प्रेस त्यांनी सोडली नव्हती.

"कंपनीला कळणार नाहीं ना गे, चारू?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. कोणालाही नाही. शप्पथ."

ते आले, म्हणून बाकीचे आले.

तपासणीच्या बंद खोलीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं होतं. काका बटणावर बोट ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. चारुलतानं काचेपलीकडून त्यांचा फोटो काढला. पुढे स्लाइड करताना तिनं चेहरा कापला आणि बटणावरचा हात तेवढा ठेवला. त्या फोटोवाचून सगळी स्लाइड नुसती आकड्यांची वाटत होती.

"फोटोची परवानगी घेतली आहेस ना?" तिच्या मार्गदर्शक डॉ. विद्युलतांनी विचारलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. उद्या विचारू, असं तिच्या मनात होतं. तो उद्या काही आला नाही.

परिषदेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. चहाच्या वेळी परीक्षकांपैकी एक डॉक्टर कप घेऊन जवळ आले. ते अंबत्तूरच्या कारखान्यांमध्ये कामगारांची तपासणी करत. "छान काम केलंस," ते म्हणाले. "तो हात मी ओळखतो. गेल्याच महिन्यात त्याचं ब्लडप्रेशर पाहिलं."

चारुलता हसली. 

पुढच्या आठवड्यात बालाजीराव जेवताना म्हणाले, "प्रतापला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं. खोक्यांना टेप लावत बसतो. कोणी चुगली केली कोण जाणे!"  चारुलताच्या शेवटच्या स्लाइडवर शिफारस होती, की अशा कामगारांना गोंगाटापासून दूर न्यावं. तिचंच म्हणणं अमलात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉ. विद्युलतांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. त्यांनी त्या परीक्षक डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, त्याच्या भल्यासाठीच केलंय. राहिलेले कान तरी वाचतील." ते खोटंही नव्हतं.

मग ती काकांच्या घरी गेली. जयवंतीकाकू आत सांबाराला फोडणी देत होत्या. काका खुर्चीत बसले होते.

"काका, माझ्यामुळे झालं," ती हळू म्हणाली.

"काय म्हणतेस?"

"माझ्यामुळे झालं. मी फोटो दाखवला."

त्यांनी कान पुढे केला. चारुलताला ओरडावं लागलं. "तुमच्या हाताचा फोटो मी सगळ्यांना दाखवला! तुम्हाला न विचारता! तुम्हाला ऐकू येत नाही हे माझ्यामुळे कळलं!"

आतली पळी थांबली. जयवंतीकाकू दारात आल्या.

"ऐकूं येत नाहीं?" त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "मी समजत होतें, तुम्हांला माझ्याशी बोलायचेंच नाहीं. इतकीं वर्षें."

काकांनी मान खाली घातली. हे त्यांनी घरातही लपवलं होतं. जे उरलं होतं तेही आज चारुलतानंच उघडं केलं होतं. ती रडायला लागली, तेव्हा काका चढ्या आवाजात म्हणाले, "रडूं नको. शप्पथ घेतलीस ना? मग विचारायचें होतें. मी हो म्हटलें असतें कीं नाहीं, तें मला ठरवूं द्यायचें होतें."



तिनं बक्षीस परत केलं. कॉलेजच्या कानाच्या विभागातून काकांना श्रवणयंत्र मिळवून दिलं. ते त्यांनी घेतलं, पण तिच्या हातून नाही, बालाजीरावांच्या. प्रेस त्यांना परत मिळाली नाही. निवृत्त होईपर्यंत ते पॅकिंगमध्येच राहिले.

त्यानंतरच्या पोंगलच्या सणाला ती गेली, तेव्हा काका पेपर वाचत होते. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. काकूंनी मात्र तिला आत नेऊन पोंगलचा गोड भात वाढला. आता संध्याकाळी दोघं नवराबायको गप्पा मारतात, कधी भांडतातसुद्धा, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून चारुलताला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचीच तिला लाज वाटली. बाहेर काकांनी पेपराचं आणखी एक पान उलटलं.