वाचून केलेली सही

मी तिसरी शिकलेला माणूस. छापील अक्षर मला येतं. बोट ठेवून, सावकाश, पण येतं. हातानं घाईत लिहिलेलं येत नाही. देगलूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून जन्म काढला, पण हे कुणाला कळू दिलं नाही. तिथं आकडे लागतात, आणि आकड्यात मी कुणाला हार गेलो नाही. काम सुटल्यावर सकाळी हॉटेलात पहिला पेपर माझ्या हातात यायचा. तेवढा मान होता.

एका सकाळी तिथंच दोन पोलीस आले. आमच्या आळीतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या खोलीची झडती आहे, पंच म्हणून दोन प्रतिष्ठित माणसं पाहिजेत, म्हणाले. प्रतिष्ठित म्हटल्यावर मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

मोबाईलवाला ओळखीचा. माझ्या फोनची फुटलेली काच त्यानंच बदलली होती. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. पोलिसांनी सतरंजीवर एक लॅपटॉप, तीन फोन आणि वायरींची एक पिशवी मांडली. एवढं मी डोळ्यानं पाहिलं. मग आम्हा दोघा पंचांना बाहेर ओट्यावर बसवलं आणि आत लिहिणं चाललं. तासाभरानं फौजदार साहेबांनी पंचनाम्याची चार पानं माझ्या हातात दिली. सगळी हातानं लिहिलेली, एकात एक गुंतलेली अक्षरं. मी चष्मा लावला, ओळीवरून मान फिरवली, बेतानं पान उलटलं. साहेबांनी विचारलं, काका, जमतंय ना, का वाचून दाखवू? माणसानं सरळ विचारलं होतं. त्यात त्याची चूक नव्हती.

मी म्हणालो, "मी काय अंगठेबहाद्दर वाटलो का तुम्हाला?"

साहेब हसले. मी चारी पानांवर सही केली, खाली रेघ ओढून.

पुढं पेपरात बातमी आली. ती छापील, म्हणून वाचता आली. खोलीतून सरकारविरोधी पत्रकांचा गठ्ठा पंचांसमक्ष जप्त, मोबाईलवाल्यावर दहशतवादाचं कलम. गठ्ठा मी पाहिला नव्हता. आम्ही ओट्यावर असताना सापडला असेल, असं मनाला सांगितलं. ठाण्यात जाऊन विचारायचं, तर न वाचता सही केली हे आधी सांगावं लागलं असतं. मी गेलो नाही. वर्षं गेली. तो आतच राहिला.

मग नांदेडच्या कोर्टाचं समन्स आलं. सकाळच्या बसमध्ये बसलो तर शेजारी मोबाईलवाल्याचा बाप. शिवणकाम करणारा, माझ्याच वयाचा, मांडीवर डब्याची पिशवी. कोर्टात वेळेवर पोचायला दुसरी बस नव्हती. त्या दिवशी आमचा नंबर लागला नाही, पुढची तारीख मिळाली. पुढच्या तारखेलाही तेच. तीच बस, तोच माणूस शेजारी. मला खिडकी द्यायचा आणि स्वतः कडेला बसायचा. मग मला उठून दुसरीकडं जाता यायचं नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं आपण होऊन सांगितलं. साधं कलम असतं तर पोरगा कधीच जामिनावर सुटला असता. ह्या कायद्यात नुसत्या कागदावरून आरोप खरा वाटला, तरी जामीन देता येत नाही म्हणत्यात. वकीलबाईनं दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा पंचनाम्यावर अडला. पंचनाम्यावर सही कुणाची, हे त्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेला नरसीचा थांबा मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्ही वाचून सही केली व्हती का?"

"हाव. वाचूनच केली."

त्यानं मान हलवली. डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. नाही म्हणता आलं नाही. मी खाल्ली.

त्याच दिवशी माझा पुकारा झाला. आत जाण्याआधी सरकारी वकिलांनी व्हरांड्यात समजावलं. सही माझी आहे, वाचून केली, एवढंच बोलायचं. उलटलात तर फितूर ठराल, खोट्या साक्षीचं प्रकरणही अंगावर येऊ शकतं. ते धमकावत नव्हते, नियम सांगत होते. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर मी तसंच बोललो. सही माझी. वाचून केली.

मग आरोपीची वकीलबाई उठली. तिनं तीच चार पानं माझ्यापुढं ठेवली आणि दुसऱ्या पानाची पहिली ओळ वाचायला सांगितली. मी पान जवळ ओढलं, लांब धरलं. जजसाहेब म्हणाले, चष्मा आणला नसेल तर राहू द्या. चष्मा माझ्या खिशात होता आणि त्याची काडी बाहेर आलेली होती. हा लांबचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मागच्या बाकावर मोबाईलवाल्याचा बाप पिशवी धरून बसला होता. मोबाईलवाला दोन पोलिसांमध्ये उभा होता. त्याचे केस पिकले होते. तो माझ्याकडं बघत नव्हता, माझ्यापुढच्या कागदाकडं बघत होता.

मी चष्मा लावला. बोट ठेवलं. 'सदर' एवढं लागलं. पुढचा शब्द लागेना. मी बोट उचललं.

"साहेब, मला छापील येतं, हातचं येत न्हाई. त्या दिवशी बी आलं न्हाई. मी वाचल्यासारखं केलं."

गठ्ठ्याचं विचारल्यावर सांगितलं, मी पाहिला नाही. होता का नव्हता, मला ठाऊक नाही. सरकारी वकील परत उठले. आरोपीच्या बापाबरोबर एकाच बसनं येता का? हाव. आज त्याची भाकरी खाल्ली का? कुणी पाहिलं कुणास ठाऊक. म्हटलं, हाव, अर्धी. कोर्टात कुणीतरी हसलं.

माझी साक्ष टाइप होऊन सहीला आली. बाबूनं पेन पुढं केलं, वाचून दाखवू का म्हणाला. मी म्हटलं, न्हाई, हे छापील हाय. बोट ठेवून पहिल्या शब्दापासून वाचत गेलो. वकील घड्याळ बघत होते, बघू दिलं. एका ठिकाणी 'मी निरक्षर आहे' असं होतं. हे चूक आहे, म्हणालो. सरकारी वकील लगेच बोलले, मग वाचता येतं तर. जजसाहेबांनी ते वाक्य काढून 'छापील वाचता येते, हस्ताक्षर वाचता येत नाही' असं टाइप करून घेतलं. तेवढं वाचलं आणि सही केली. रेघ ओढली नाही.

बाहेर वकीलबाईला विचारलं, आता जामीन होईल का? ती म्हणाली, परत अर्ज करते. पण पंचनाम्यावरची तुमची सही जात नाही, काका, आणि भाकरीचंही सरकारी वकील काढतील.

परतीच्या बसमध्ये मोबाईलवाल्याचा बाप पुढच्या बाकावर बसला होता. माझ्या शेजारी बसू नको, असं त्याला बजावलं असणार. मांडीवर डबा तसाच होता. नरसीला त्याच्या शेजारचा माणूस उतरला. त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी उठलो नाही. देगलूर येईपर्यंत ती जागा रिकामीच राहिली.