बोटं खालच्या पट्टीत, गाणं वरच्या

लिहू की नको, यातच दोन महिने गेले. असले किस्से सांगणाऱ्यांना आजवर मीच हसत आलेय. भूत, भास, अमुक जागा वाईट... माझा कशावरच विश्वास नव्हता. खरं तर अजूनही नाही. पण हे साठ माणसांसमोर, लख्ख उजेडात झालं, म्हणून सांगते.

मी पुण्यात पियानो शिकवते. माझी मैत्रीण मीनल वेस्टर्न क्लासिकल गाते आणि गेली सोळा वर्षं तिला साथ मीच करते. दीड वर्षापूर्वी तिच्या स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. कित्येक आठवडे ती वहीत लिहून बोलायची. हळूहळू आवाज परत आला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं - ठरावीक सुराच्या वर जायचं नाही. ताण पडून पुन्हा रक्तस्राव झाला, तर गाणं कायमचं विसरा.

म्हणून तिचा परतीचा कार्यक्रम आम्ही छोटासाच ठेवला. भुकूमला, पौड रोडवरून आत, दत्ताकाकांचा हॉल आहे. आजूबाजूच्यांनी जमिनी विकल्या, काकांनी आपल्या तुकड्यावर हॉल बांधून भाड्याने द्यायला सुरुवात केली. रविवार, दुपारचे साडेचार.

"ताई, सातला दुसरी मंडळी येनार हायेत, तेवढं ध्यानात ठेवा," काका म्हणाले आणि मागच्या दाराशी उभे राहिले.

शेवटचं गाणं जर्मन, मीनलचं सगळ्यात लाडकं. मूळचं एफ मेजर या पट्टीतलं. पण त्यातला सर्वांत वरचा सूर तिला बंद होता, म्हणून अख्खं गाणं एक सूर खाली, ई-फ्लॅटमध्ये बसवलं होतं. महिनाभर तसाच सराव केला. पियानो भाड्याचा, पण अस्सल तारांचा... बटण दाबून पट्टी बदलणारा इलेक्ट्रॉनिक नव्हे, हे मुद्दाम लिहितेय. आमचे ट्यूनर फर्नांडिस अंकल यांनी सकाळी येऊन तो सुरात लावला होता आणि आता ते पुढच्या रांगेत ऐकायला बसले होते.

बाकीची गाणी छान झाली. शेवटचं सुरू केलं. मी पहिला कॉर्ड वाजवला आणि दचकले.

मला कुठलाही सूर ऐकला की त्याचं नाव कळतं, लहानपणापासून. बोटं ई-फ्लॅटवर होती. कानावर एफ पडत होता.

वाटलं, चुकून मूळ पट्टीतच सुरू केलं. खाली पाहिलं. बोटं बरोबर काळ्या कीजवर. तेवढ्यात मीनल गायला लागली होती... तीही एफमध्ये! म्हणजे हे असंच चालू राहिलं, तर तिसऱ्या कडव्यात तो सूर येणार. तोच, जो तिला बंद होता.

दोन कडव्यांच्या मध्ये फक्त पियानोचा छोटा तुकडा आहे. तिथे मी डाव्या हाताने एकच ई-फ्लॅट स्पष्ट दाबला. एफ. पुन्हा दाबला. एफच. मी कुजबुजले, "मीनल, थांब." तिला ऐकू गेलं नाही. हात उचलून घ्यावेत असं हजारदा मनात आलं, पण सोळा वर्षांची सवय... हात चालूच राहिले. फर्नांडिस अंकल खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते. त्यांची नजर मीनलवर नव्हती, माझ्या बोटांवर होती.

तिसरं कडवं. तिने श्वास घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, आता काहीतरी फाटणार म्हणून.

सूर आला. स्वच्छ, भरलेला, ऑपरेशनच्या आधीही तिचा कधी असा लागला नव्हता. तीन मात्रा टिकला आणि अलगद उतरला.

लोक उठून टाळ्या वाजवू लागले. अंकल थेट पियानोपाशी आले. खिशातून एकच ठरलेला सूर देणारा ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, पियानोवर त्याच सुराची की दाबली. तंतोतंत बरोबर. मग मी ई-फ्लॅट दाबला. ई-फ्लॅटच वाजला.

"मॅडम, मी पण ऐकलं," एवढंच ते बोलले.

हॉल आवरताना दत्ताकाका म्हणाले, "मला गान्यातलं काय कळत न्हाई. पर ते शेवटचं तुमच्याकडनं येत नव्हतं. माझ्या मागनं येत व्हतं."

त्यांच्या मागे उघडं दार होतं आणि दाराबाहेर रिकामं शेत.

मी मीनलला धरूनच गाडीत बसवलं. "गळा कसाय? दुखतंय? रक्ताची चव येतेय का?"

"अगं, काय झालंय तुला?" ती हसत होती. "इतकं सोपं गेलं आज."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. ताणाची खूणही नाही. मात्र त्या भरवशावर तो सूर त्यानंतर तिने घाबरत एकदाच लावून पाहिला. अर्ध्यातच आवाज फुटला.

विद्यार्थ्यांना दाखवायला मी कार्यक्रमात पियानोच्या कीजवर कॅमेरा लावला होता. त्या व्हिडिओत माझी बोटं शेवटपर्यंत ई-फ्लॅटमध्ये आहेत. आवाज एफमध्ये आहे. रेकॉर्डिंगमधल्या एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, आवाजाची पट्टी नंतर बदलली असणार. फाइल माझ्या कॅमेऱ्यातून थेट त्याच्या कॉम्प्युटरवर गेली होती, हे सांगितल्यावर त्याने ती पुन्हा पहिल्यापासून लावली.

शेवटी मीनलला ऐकवलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"मी खालीच गायले," ती म्हणाली. "ठरलं होतं तसंच. माझ्या गळ्याला माहितेय गं, मी त्या सुरापर्यंत गेलेच नाही."

तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"मग हे कोण गातंय?"

सोळा वर्षं मी तिचा आवाज ऐकतेय, झोपेतही ओळखेन. त्या दिवशी मला "तूच" असं म्हणता आलं नाही. अजूनही येत नाही.