लेफ्ट बॅकचा नट

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात प्रेमदास ताकसांडेचं पंक्चरचं दुकान आहे. फुटबॉलचं वेड त्याला केरळच्या ट्रक ड्रायव्हरांनी लावलं, आणि गावात त्यातलं कळणारा दुसरा माणूस नाही. त्यामुळे वाद घालायचा तो ड्रायव्हरांशीच, तोही चाक उघडं असेपर्यंत.

त्यातला एक मिशीवाला चार वर्षांपासून महिन्यातून एकदा तरी थांबतो. परवा त्याचं चाक काढल्यावर प्रेमदासने दहातले चार नट जमिनीवर ओळीने मांडले. ही दोघांच्या लाडक्या क्लबची बचावफळी. लेफ्ट बॅकने मागच्या सामन्यात पंचाला धक्का मारला होता. त्याला हाकललंच पाहिजे, असं प्रेमदासचं म्हणणं. मिशीवाला म्हणाला, पोरगा तापट आहे, पण त्याच्याशिवाय डावी बाजू उघडी पडते, आणि यंदा घेण्यासारखी नवी पोरं अजून कच्ची आहेत. प्रेमदास भडकला. त्याने लेफ्ट बॅकचा नट उचलून खिशात घातला.

"अब खिलाओ उसको," तो म्हणाला.

भांडता भांडता चाक बसलं आणि ट्रक निघून गेला.

संध्याकाळी खिशात नट हाताला लागला. उरलेल्या नऊ नटांवर गाडी निभावली असती, पण पुढे कुठंतरी एक बसवून घे, एवढं सांगायला हवं होतं.

"फोन करा न त्याले," शेजारच्या चहावाल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

प्रेमदासने फोन काढला आणि नुसताच हातात धरला.

"नंबर नाई," तो म्हणाला. "नाव बी नाई मालूम. त्यानं बी माहं कधी विचारलं नाई."