मोर्चाची कॅसेट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील, माफी असावी.

गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बायका इंदापूरला मोर्चा घेऊन गेलो. मी घरी न सांगता गेले, म्हणून तोंडावर पदर ओढला होता. पुढं त्याची व्हिडिओ कॅसेट चावडीपुढं रंगीत टीव्हीवर लावली. सासरे पहिल्याच रांगेत! माझा जीव टांगणीला लागला.

टीव्हीत सगळ्याच बायका पदराआड. हिरवी साडी दिसताच दोघी ओरडल्या, "ती मीच की!" खरं तर ती मी होते.

सासरे माझ्याकडं वळून म्हणाले, "ही साडी मीच भिगवणच्या बाजारातनं आणलीय. पोरी, फुडच्या टायमाला तोंड उघडं ठेव. आपल्या घरचं माणूस दिसाया पायजे."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पदर मागं सारून.